आपल्याच हातच्या गाडीत बसताना

मी घरी बांधलेल्या रॅलीच्या गाडीत आतून नळ्यांचा एक सांगाडा आहे, गाडी उलटली तरी छत माणसांवर बसू नये म्हणून. त्याला रोल केज म्हणतात. रोल केजमधलं सगळ्यात अवघड वेल्डिंग छताखाली असतं. मुख्य कमान छतापासून जेमतेम बोटभर खाली, तिला पुढून येणारी नळी भिडते, आणि तो सांधा नळीच्या पूर्ण घेराभोवती भरायचा असतो. खालचा अर्धा घेर सोपा. वरच्या अर्ध्यात गन शिरत नाही, मान वळत नाही, आणि काळ्या काचेतून दिसतं ते आपलंच मनगट. शिवाय तो भाग पुढे कुणाच्या नजरेला पडणार नसतो. एकदा रंग बसला की तिथे टाका नीट भरलाय की नुसता चिकटवलाय, हे आरसा घालून पाहिल्याखेरीज कळत नाही.

जाणती मंडळी यावर एक युक्ती करतात. केज आधी टॅक मारून, म्हणजे तात्पुरते छोटे टाके देऊन, जागच्या जागी जुळवून घ्यायचा. मग त्याचे पाय जिथे टेकतात तिथे तळाच्या पत्र्याला भोकं पाडायची आणि अख्खा सांगाडा त्या भोकांतून खाली सोडायचा. आता छत आणि नळी यांच्यात वीतभर जागा होते. वरचे सांधे सावकाश, गोल फिरून भरायचे, केज पुन्हा वर उचलायचा आणि पायांखाली जाड प्लेटा घालून भोकं बंद करायची. ऐकायला मजा वाटते, करताना घाम निघतो. एवढा खरवडून स्वच्छ केलेला तळ, त्यालाच ग्राइंडर लावायचा म्हणजे जिवावर येतं. तरी मी हीच पद्धत धरली. पूर्ण घेर भरलेला हवा हा नियम आहेच. पण नियम नसता तरी मी हेच केलं असतं, कारण रॅलीच्या गाडीत दोन माणसं बसतात.

सर्किटवर पळणारा एकटा असतो, त्याचं बरंवाईट त्याच्यापाशी. रॅलीत शेजारची सीटही भरलेली. माझा नॅव्हिगेटर मान खाली घालून वहीतल्या पेसनोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या आधी लिहून ठेवलेल्या खुणा, वाचत असतो, "शंभर, मग लेफ्ट फोर, कट करू नको, आत दगड आहे" असं एका लयीत सांगत असतो, आणि रस्ता त्याला धड दिसतही नाही. माझं ड्रायव्हिंग त्याने पाहिलेलं आहे. ते पटलं नाही तर "अरे, जरा दमाने" म्हणायची त्याला सोय आहे. माझं वेल्डिंग त्याने पाहिलेलं नाही. केज पुरा झाला तेव्हा फोनवर त्याने एवढंच विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." पुढे तो टायरबद्दल बोलायला लागला. त्या एका "झालं"वर हा माणूस पट्टे आवळून बसणार होता.

तयार गाडी विकत घेणाऱ्याची शंका दुसऱ्याच्या नावावर जमा असते. काही तुटलं तर बांधणाऱ्याला फोन लावून चार शब्द सुनावता येतात. घरी बांधणाऱ्याने कुणाला सुनवायचं? कुठला नट आवळताना आटा किंचित गुळगुळीत लागला होता, कुठली वायर अजून जराशी लांब हवी होती, हे सगळं त्याला तोंडपाठ. आणि स्टेजच्या, म्हणजे वेळ लावून पळायच्या टप्प्याच्या, तोंडाशी, घड्याळाचे शेवटचे सेकंद पडत असताना, नेमका तोच नट आठवतो. मग पहिल्या खडबडीत पट्ट्यात पाय आपसूक उचलला जातो. इंजिनाची ताकद थोडी कमी पडल्याने जेवढा वेळ जात नाही तेवढा त्या उचललेल्या पायाने जातो. म्हणून माझ्या लेखी गाडीची तयारी म्हणजे हातात पाना असतानाच एकेक शंका फेडून टाकणं. शंकेखोर स्वभावाबद्दल आयुष्यभर टोमणे खाल्लेल्या माणसाला त्याचं चीज होईल अशी जागा हवी असेल तर ती हीच.

या शंका फेडायला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती नियमांच्या पुस्तकाची. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, याचं 'परिशिष्ट जे' आणि त्यातलं सुरक्षेच्या साधनांवरचं कलम २५३. (स्थानिक स्पर्धांचे नियम थोडे वेगळे असू शकतात, तेव्हा ज्या रॅलीत उतरायचं तिचं पुस्तक आधी.) बरेच जण ही पानं पळवाटा शोधायला वाचतात. मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी मोडलेल्या गाडीतून आलेला असणार. मुख्य कमानीची नळी ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, नाहीतर ५० मिमी आणि २ मिमी. तीही शिवण नसलेली, न तापवता ओढून काढलेल्या कार्बन स्टीलची. पाण्याचा पाइप दिसायला तसाच दिसतो आणि त्याचा केज बांधणारे महाभाग असतात, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. नळी तापवून वाकवायची नाही, थंडच वाकवायची. वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. आणि वाकताना ती चपटली तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीखाली जाता कामा नये. चपटलेली जागा म्हणजे पुढच्या वेळी कुठे वाकायचं हे नळीला आधीच सांगून ठेवणं.

केजच्या पायांचं तेच. गाडीचा तळ मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. त्यावर नुसता पाय टेकवला तर गाडी उलटताना तो पत्रा फाडून खाली जाईल, केज शाबूत आणि छत मात्र डोक्यावर. म्हणून बॉडीला वेल्ड केलेली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, आणि बोल्टने बसवायचा पाय असेल तर प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, एम ८ म्हणजे ८ मिमी व्यासाचे, ८.८ ताकदीचे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं. मी प्रत्येक बोल्ट उजेडात धरून ते वाचलं. दुकानातून एकाच पिशवीत आलेले असले म्हणून काय झालं.

नळ्या एकमेकींना भिडतात ती जागा तर वेगळाच अभ्यास आहे. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईवर बसेल असं खोलगट कापावं लागतं. त्याची आकृती कागदावर छापून घ्यायची, नळीभोवती गुंडाळायची, रेघ मारायची, ग्राइंडरने रेघेच्या अलीकडे थांबायचं आणि उरलेलं कानशीने उतरवायचं. फट राहिली तर वेल्डिंगच्या तारेने भरून काढता येते, वरून टाका देखणाही दिसतो, फक्त त्यात जीव नसतो. मी साधी परीक्षा ठेवली होती. नळी जागेवर टेकवायची, मागून बॅटरीचा झोत टाकायचा, उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. दुपार गेलेली कळत नाही. पण रात्री झोपताना त्या सांध्याचा विचार मनात येत नाही, हे मला त्या दुपारीपेक्षा मोलाचं वाटतं.

शेलचं, म्हणजे रिकाम्या बॉडीचं, बाकीचं काम मी थोडक्यात उरकतो, कारण ते नुसतं कष्टाचं आहे: आतलं डांबर खरवडा, सांध्यांमधलं सीलंट काढा, शिवणींवर बोटाच्या पेराएवढे टाके मारा, मध्ये तेवढीच जागा सोडा. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून ताणला जातो. एक टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे, आणि अधूनमधून तिरकी मापं. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापं जुळेनाशी झाली की थांबायचं.

नियम पाळण्याबद्दल बोलताना १९६६ची माँटे कार्लो रॅली आठवतेच. पहिल्या तीन जागांवर तीन मिनी कूपर आल्या: टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि पॅडी हॉपकर्क. तिघांनाही बाद केलं, चौथ्या क्रमांकाच्या रॉजर क्लार्कच्या लोटस कॉर्टिनालाही. कारण हेडलाइटचे बल्ब आणि डिपरची रचना नियमात बसत नव्हती. विजय गेला पाउली टोइव्होनेनच्या सिट्रोएनकडे. मला तो निर्णय आजही कोता वाटतो. पण घरी गाडी बांधणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं की स्क्रूटिनीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या, टेबलाशी कुणाचं तोंड बघून काम होत नाही. तिथे सीटच्या लेबलवरची तारीख बघतात. एफआयए ८८५५-१९९९ मानकाची सीट बनल्यापासून पाच वर्षं चालते, मग ती वापरलेली असो की खोक्यात पडलेली. पट्ट्यांचंही तसंच, त्यांना त्यांची मुदत. स्वस्तात मिळालेली जुनी सीट म्हणूनच कधीकधी महागात पडते.

सीटवरून क्रमाची गोष्ट निघाली. लोक केज आधी बांधतात आणि मग त्यात माणूस बसवतात. उलटं करावं. आधी दोघांच्या सीट जागेवर मांडाव्यात, हेल्मेट घालून बसावं, पेडल आणि स्टिअरिंग किती जवळ हवं ते ठरवावं. ड्रायव्हरची नजर बॉनेटच्या वर हवी, नॅव्हिगेटर मात्र जमेल तेवढा खाली आणि मागे, कारण वजन खाली गेलेलं चांगलं आणि त्याचं काम वहीत. मग हेल्मेटभोवती किती मोकळी जागा राहते ते पाहून नळ्यांची वळणं ठरवावीत. खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त खाली उतरले तर आघातात ते खांदे धरून ठेवण्याऐवजी मणका दाबतात. म्हणजे पट्टे अडकवायची आडवी नळीसुद्धा सीटच ठरवते.

टोइव्होनेन हे नाव रॅलीच्या इतिहासात पुन्हा येतं. २ मे १९८६ला, कॉर्सिकाच्या रॅलीत, पाउलीचा मुलगा हेन्री आणि त्याचा नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो यांची लान्सिया डेल्टा एस ४ रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. दोघेही गेले. ग्रुप बी नावाने चाललेला अफाट ताकदीचा तो सगळा प्रकार त्या वर्षाअखेर बंद झाला. आमच्यासारख्यांच्या गाडीत त्या ताकदीचा अंशही नसतो, पण पेट्रोल तेच असतं. म्हणून आगीच्या बाबतीत मी हात राखला नाही. इंधनाची नळी केबिनमधून न्यायची वेळ आली तर मध्ये एकही जोड नाही. अग्निशामक बाटलीची पकड कुठल्याही दिशेच्या २५ जी, म्हणजे वजनाच्या पंचवीसपट, झटक्याला टिकली पाहिजे, असं नियम सांगतो. हिशोब केला की अंगावर काटा येतो. भरलेली बाटली चार किलोची असेल तर त्या क्षणी ती शंभर किलोच्या जोराने सुटू पाहते, आणि समोर असतात आपल्या पोटऱ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपा मी त्याच दिवशी टाकून दिल्या.

मेन स्विचची गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बॅटरी तोडली की गाडी बंद पडेल असं वाटतं. पडत नाही. इंजिन फिरत असतं तोवर अल्टरनेटर वीज बनवत राहतो आणि इग्निशनला तेवढं पुरतं. म्हणून रॅलीच्या स्विचला बॅटरीच्या दोन जाड टर्मिनलांखेरीज चार बारीक टर्मिनलं असतात. एक जोडी इग्निशन तोडते, दुसरी अल्टरनेटरची उरलेली वीज रेझिस्टरमधून अर्थिंगला सोडते. स्विच आतूनही फिरवता यायला हवा आणि बाहेरूनही, आणि बाहेर त्याची खूण हवी: पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, पाया किमान १२ सेंटिमीटरचा, त्यात लाल वीज. तो त्रिकोण आपल्यासाठी नसतो. आपल्याला उलट्या गाडीतून बाहेर काढायला धावलेला जो कुणी अनोळखी माणूस असेल, त्याच्यासाठी असतो. गाडी तयार झाल्यावर मी ती चालू ठेवून, रेस देऊन, स्विच फिरवून पाहिला. इंजिन मेलं. तोवर मला स्विच बसवलाय असं म्हणवत नव्हतं.

आता मोहाचा भाग. घरात गाडी उभी राहिली की येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "इंजिनाला काय केलंस?" मी काही विशेष केलं नाही असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा आवाज यांवर बोलायला सगळ्यांना आवडतं. ब्रेक ऑइलवर बोलायला कुणालाच नाही. खरं तर नवशिक्याचा वेळ ब्रेकमध्येच असतो. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. हवेतली ओल शोषून त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबल्यावर ऑइल चाकाला ढकलण्याऐवजी बुडबुडे दाबत बसतं. पाय जमिनीला टेकतो आणि वळण जागच्या जागी असतं. प्रत्येक स्पर्धेआधी ऑइल बदलण्याच्या खर्चात काही फार मोठा सुटा भाग येत नाही. तरी लोक डबा अर्धा उरला म्हणून जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तोच ओततात.

वजन कमी करण्याचं वेडही असंच. हीटर काढून टाकणारे पुष्कळ. मग पाऊस लागतो, दोन घामेजलेली माणसं, बंद काचा, आणि समोरची काच आतून दुधाळ होते. चार किलो वाचवले आणि रस्ता घालवला. माझा हीटर जागेवर आहे, वायपरची मोटर नवी आहे, आणि हे मी अभिमानाने सांगतो.

मोठमोठ्या संघांच्या, उत्तमोत्तम मेकॅनिकांनी बांधलेल्या गाड्याही मोडतात. १९९८ची ब्रिटनमधली रॅली जागतिक अजिंक्यपदाच्या त्या मोसमातली शेवटची. टॉमी मॅकिनेन (वरच्या टिमोशी नातं नाही) पहिल्याच दिवशी चाक गमावून बाहेर पडलेला. कार्लोस साइन्झला जगज्जेता व्हायला चौथा क्रमांक पुरेसा होता आणि तो चौथा होता. शेवटच्या स्टेजचा शेवट काहीशे मीटरवर असताना त्याच्या टोयोटाचं इंजिन गेलं. नॅव्हिगेटर लुइस मोया याने रागाने हेल्मेट फेकून गाडीची मागची काच फोडली. विजेतेपद दोन गुणांनी मॅकिनेनला. शंका फेडून फेडून कितीही फेडली तरी इंजिनाच्या आतल्या दांड्यापर्यंत हात पोचत नाही, हे मान्यच करावं लागतं. जिथे पोचतो तिथे मात्र कसूर नको.

म्हणून गाडी मोडणारच असं धरून ती बांधायची. सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे स्पर्धेत गाडी दुरुस्त करायच्या जागी, वेळ मोजून मिळतो, भाग तापलेले असतात, उजेड अपुरा, आणि खाली झोपलेल्या माणसाच्या तोंडावर चिखल टपकत असतो. मी जमेल तिथे बोल्टची डोकी दोनच मापांची केली: सस्पेन्शनचे खालचे आर्म, इंजिनाखालचा चेंबर गार्ड, स्टार्टर, सगळं १७ नाहीतर १३च्या पान्याने सुटतं. जिथे मागून नट धरायला दुसरा हात लागायचा तिथे नट पत्र्यालाच वेल्ड करून टाकले. चेंबर गार्ड मजबूत तर हवाच, पण ऑइल काढायला अख्खा उतरवावा लागणार असेल तर तो बनवणाऱ्याने स्वतः पावसात झोपून एकदा उतरवून पाहावा. वायरिंगला सोल्डर टाळलं, कारण सोल्डर तारेच्या केसांत वर चढतं, तेवढा भाग ताठर होतो आणि कंपनांनी त्याच्या कडेला तार तुटते. चांगलं दाबलेलं क्रिम्प आणि मागे वायरला आधार, एवढं पुरतं. इंधनाच्या पंपाला दुसरी वायर ओढून ठेवली आहे, नुसती टोक बदलायचं. आवळून झालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ, नटावरून खालच्या भागापर्यंत. नट फिरला की रेघ तुटते. अंधारात बॅटरी फिरवली तरी दिसते.

पहिली चाचणी खडीच्या रस्त्यावर घेतली, आधी एकट्याने, मग नॅव्हिगेटरला घेऊन. परत आल्यावर गाडी जॅकवर चढवली आणि रेघा बघत फिरलो. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनची एक रेघ तुटली होती, मागच्या शॉकअपची एक किंचित सरकलेली. बाकी जागच्या जागी. फाउंडेशनचं बुश मऊ होतं, ते बदलायला घेतलं.

तोवर नॅव्हिगेटर त्याच्या सीटवर बसून होता. डोळे मिटून, पट्टे आवळून, एकेका वस्तूकडे हात नेत होता: मेन स्विच, अग्निशामकाची खीळ, पट्टे कापायचं कटर. सगळीकडे हात पोचला. मग त्याने वही उघडली आणि मला यादी सांगायला सुरुवात केली. पाय रोवायची प्लेट दोन बोटं जवळ हवी. अंतर दाखवणारा ट्रिपमीटर उन्हात वाचता येत नाही, वर झाकण कर. नोट्सचा दिवा वळणावर हलतो, त्याची मान बदल. हॉर्नचं बटन माझ्या पायाशी दे, तुझे हात मोकळे नसतात. आणि पेन्सिलीला खिसा कुठाय? मी विचारलं, "केजबद्दल काही?" तो म्हणाला, "त्याचं काय? तू झालं म्हणालास ना. पेन्सिलीचं सांग."